आठ शुक्रवार, आठ सिनेमे: टीव्हीवरचा आशियाई सिनेमाचा सीझन कसा जमतो

टीव्हीवर 'समकालीन आशियाई सिनेमा' असा सीझन लागला की प्रेक्षकाला दिसतं ते एवढंच: ठरलेला वार, ठरलेली वेळ, आठ-दहा आठवडे, दर आठवड्याला एक सिनेमा. यादी जाहीर झाली की वाद सुरू होतो. हा का घेतला, तो का नाही? वाद जरूर घालावा. पण यादी काढणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. जाणकार माणूस ती एका दुपारी काढतो. पुढचे कित्येक महिने जातात ते त्या यादीतलं काय तगतं हे बघण्यात. सिनेमा गळतो तो बहुधा वाईट आहे म्हणून गळत नाही. त्याचे हक्क दुसऱ्याकडे असतात, धड प्रत मिळत नाही, सबटायटल बसत नाहीत, नाहीतर तो रात्री दोन वाजता संपतो. आठ सिनेमे दाखवायचे असतील तर वीस-पंचवीस नावांनी सुरुवात करावी लागते, ती यामुळे.

आशिया कुठून कुठपर्यंत

नकाशावर आशिया तुर्कस्तानपासून जपानपर्यंत पसरलाय. टीव्हीवरच्या सीझनमध्ये मात्र तो बऱ्याचदा जपान, कोरिया आणि हाँगकाँग एवढ्यावरच आटोपतो. यात प्रोग्रॅमरच्या, म्हणजे वाहिनीसाठी सिनेमे निवडणाऱ्या माणसाच्या, आवडीपेक्षा सोयीचा भाग जास्त. या तिन्ही ठिकाणी सिनेमे परदेशात विकायची घडी नीट बसलेली आहे. कोरियाचंच बघा. तिथल्या थिएटरांना वर्षातले ठरावीक दिवस देशी सिनेमे दाखवावेच लागतात. हे दिवस आधी १४६ होते, २००६ मध्ये ७३ झाले. १९९६ पासून बुसानचा महोत्सव आहे, सरकारी चित्रपट परिषद आहे. परिणाम असा की कोरियन सिनेमा मागितला की स्वच्छ प्रत, इंग्रजी सबटायटल, संवादांची यादी आणि फोटो असं सगळं एकाच टोपलीत येतं. दुसऱ्या एखाद्या देशाचा तितकाच चांगला सिनेमा मागितला, तर आधी उत्तर द्यायला कोणी सापडेल का इथून सुरुवात.

तरी शोधलं तर सापडतं. श्रीलंकेच्या विमुक्ति जयसुंदर यांना २००५ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात पहिल्या सिनेमासाठीचा 'कॅमेरा दोर' पुरस्कार विभागून मिळाला. २०१३ मध्ये तोच पुरस्कार सिंगापूरच्या अँथनी चेन यांना मिळाला. त्याच वर्षी कंबोडियाच्या रिथी पान्ह यांच्या 'द मिसिंग पिक्चर'ला तिथल्याच 'अँ सर्तें रगार' विभागाचा मुख्य पुरस्कार मिळाला. ख्मेर रूज या तिथल्या क्रूर राजवटीतल्या अत्याचारांची चित्रं उपलब्ध नाहीत, म्हणून पान्ह यांनी त्यात मातीच्या बाहुल्या मांडून गोष्ट सांगितली आहे. २०२२ मध्ये पाकिस्तानच्या 'जॉयलँड'ला त्याच विभागात ज्युरी पुरस्कार मिळाला. असे दोन-तीन सिनेमे असले की सीझनला खरंच आशियाचा म्हणता येतं.

पुरस्कारांचा एक तोटाही आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कान, व्हेनिस किंवा बर्लिनला गेलेल्या सिनेमाला विक्री करणारा एजंट लगेच भेटतो आणि सबटायटलही तयार होतात. स्वतःच्या देशात तुफान चाललेल्या विनोदी सिनेमाला यातलं काहीच लाभत नाही. म्हणून परक्या टीव्हीवर दिसणारा आशिया नेहमी गंभीर, मितभाषी आणि पावसात भिजलेला असतो. सीझनमध्ये एखादा धमाल विनोदी सिनेमा किंवा चांगला भुताचा सिनेमा नसेल तर मला तो अर्धवट वाटतो, मग उरलेले सगळे कितीही थोर असोत.

'समकालीन'ची रेघ कुठे ओढायची हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण ओढलीच पाहिजे. २००० हे वर्ष सोयीचं पडतं. एडवर्ड यांग यांचा 'यी यी' आणि वाँग कार-वाई यांचा 'इन द मूड फॉर लव्ह' हे दोन्ही त्याच वर्षीचे.

विकत नव्हे, भाड्यानं

वाहिनी सिनेमा विकत घेत नाही, भाड्यानं घेते. करारात पाच गोष्टी ठरतात: प्रदेश कोणता, प्रक्षेपण कोणत्या प्रकारचं (मोफत वाहिनी, वर्गणीची वाहिनी, मागाल तेव्हा बघण्याची सोय), भाषा कोणती, किती वेळा दाखवायचा आणि किती काळात. 'दोन वर्षांत तीन वेळा' हा नेहमीचा साचा. यात 'एक वेळ' म्हणजे काय याची व्याख्या कागदावर हवी. शुक्रवारी रात्री दाखवला आणि शनिवारी दुपारी पुन्हा लावला, तर ते एक प्रक्षेपण की दोन? त्याच कंपनीच्या दुसऱ्या वाहिनीवर तासाभरानं लागला तर? प्रक्षेपणानंतर सात दिवस ॲपवर बघता येईल की नाही? व्याख्या नसेल, तर तिसरं प्रक्षेपण उरलंय अशा समजुतीत वाहिनी असते आणि हक्क देणारा दंडाचं बिल धाडतो.

चौकशी करताना पहिला प्रश्न 'किती पैसे' असा नसावा. 'या प्रदेशाचे टीव्हीचे हक्क आज कोणाकडे आहेत आणि कधी मोकळे होतात' हे आधी विचारावं. निर्माता विक्री-एजंटकडे बोट दाखवतो, एजंट स्थानिक वितरकाकडे, आणि वितरक सांगतो की पुढची अमुक वर्षं तो फक्त स्ट्रीमिंगवर दिसणार. आजच्या सीझनमधली बहुतेक भगदाडं याच उत्तरामुळे पडतात. दुसरं भगदाड तारखांचं. आठही सिनेमांचे परवाने त्या आठ आठवड्यांत एकाच वेळी चालू असायला हवेत. एखाद्याचा परवाना नेमका त्याच्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी सुरू होतो, आणि हे लक्षात येतं जाहिरात छापून झाल्यावर. उपाय अगदी बाळबोध आहे. मोठ्या कागदावर आठवड्यांचे रकाने पाडा आणि प्रत्येक सिनेमाच्या परवान्याची आडवी पट्टी रंगवा. आठ पट्ट्या एकमेकींवर जिथे येतात, तिथेच सीझन बसतो.

यादीत एखादा सिनेमा अगदीच विजोड दिसला, तर प्रोग्रॅमरच्या रुचीवर शंका घेण्याआधी थांबा. एजंट बऱ्याचदा गठ्ठ्यानं विकतो: हवा असलेला एक घ्यायचा तर सोबत नको असलेले तीन-चार घ्यावे लागतात. पैसे भरलेत म्हटल्यावर त्यातला एखादा सीझनमध्ये शिरतोच.

संगीताचा कागद वेगळा. 'इन द मूड फॉर लव्ह'मधली जिना उतरतानाची ती धून शिगेरू उमेबायाशी यांनी मुळात १९९१ च्या 'युमेजी' या जपानी सिनेमासाठी केली होती. शिवाय त्यात नॅट किंग कोल यांची गाणी आहेत. प्रक्षेपणानंतर कोणाला किती मानधन जायचं हे 'क्यू शीट'वरून ठरतं. कुठली धून, कोणाची, किती सेकंद वाजली, याची ती यादी असते. सिनेमाबरोबर ही यादी आलीच नाही, तर वाहिनीतल्या कोणाला तरी घड्याळ लावून पूर्ण सिनेमा ऐकत बसावं लागतं.

कोणती प्रत, किती मिनिटांची

सिनेमाचं नाव एक असतं, सिनेमे दोन-तीन असतात. वाँग कार-वाई यांचा 'द ग्रँडमास्टर' चीनमध्ये १३० मिनिटांचा होता, अमेरिकेत १०८ मिनिटांचा. जॉन वू यांचा 'रेड क्लिफ' आशियात दोन भागांत लागला आणि बाहेर अडीच तासांच्या आतला एकच सिनेमा म्हणून. 'फॉलन एंजल्स'ची नवी संस्कारित प्रत काढताना वाँग कार-वाई यांनी चित्राची चौकटच बदलली. म्हणून करारात नाव, वर्ष, आवृत्ती, लांबी आणि फ्रेमचा वेग असं सगळं लिहून घ्यावं लागतं.

फ्रेमचा वेग समजून घेण्याजोगा आहे, कारण पुढची निम्मी दुखणी त्यातूनच उगवतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर घेतलेला असतो. ज्या देशांत टीव्ही २५ चित्रांवर चालतो तिथे सोपी युक्ती करतात: सिनेमा जरासा पळवतात. २४ ची जागा २५ घेते, म्हणजे साधारण ४ टक्के वेग वाढतो. १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो आणि १७३ मिनिटांचा 'यी यी' १६६ मिनिटांत. एकही दृश्य कापलेलं नसतं. 'टीव्हीवाल्यांनी सात मिनिटं उडवली' ही तक्रार अनेकदा इथूनच येते. खरंच कापलंय का ते तपासायचं असेल, तर मूळ लांबीला ०.९६ नं गुणा. उत्तर जुळलं तर तो वेगाचा फरक. जुळलं नाही तर मात्र कुठेतरी कात्री लागलीय.

पळवताना आवाजही चढतो, जवळपास पाऊण अर्धस्वर. बोलण्यात हे सहसा जाणवत नाही, गाण्यात जाणवतं. आवाजाची पट्टी खाली आणण्याची सोय असते, पण ती वापरली गेलीय की नाही हे मास्टर, म्हणजे प्रक्षेपणासाठी आलेली मुख्य प्रत, ऐकूनच कळतं.

जपान, कोरिया, तैवान आणि फिलिपिन्समध्ये टीव्हीचा वेग वेगळा आहे, सेकंदाला सुमारे ३० चित्रं किंवा ६० अर्धचित्रं (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं). तिथे २४ चित्रांचा मेळ घालण्यासाठी एक चित्र दोन अर्धचित्रं टिकवतात, पुढचं तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन. अशी जुनी टेप सरळ २५ वर उतरवली तर शेजारशेजारची चित्रं एकमेकांत मिसळतात. हालचाल अडखळते आणि चालणाऱ्या माणसाच्या मागे त्याचं भूत येतं. बरोबर रीत म्हणजे आधी दोन-तीनची वीण उसवून मूळ २४ चित्रं मोकळी करायची आणि मग २५ वर न्यायची. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. कॅमेरा वेगानं फिरतो असं एखादं दृश्य शोधा, थांबवा, एकेक चित्र पुढे सरकवा. दर काही चित्रांनी दुहेरी कडा दिसल्या तर प्रत परत पाठवा.

उलट चूकही होते. अब्बास किआरोस्तामी यांचा २००२ चा 'टेन' गाडीत बसवलेल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर घेतलेला आहे. त्याचा पोत तसाच धुरकट आहे, तो दोष नव्हे. अपिचातपाँग वीरसेताकुन यांचा कान-विजेता 'अंकल बूनमी' (२०१०) १६ मिलिमीटर फिल्मवरचा आहे, त्यातला दाणा (फिल्मचा बारीक खरखरीत पोत) मुद्दाम ठेवलेला आहे. दाणा 'साफ' केला की चेहरे मेणाचे दिसतात. वर अंधारातल्या जंगलाची दृश्यं कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी माहिती देऊन) पाठवली की काळ्याचे चौकोनी ठोकळे पडतात. असे सिनेमे असतील तर बिटरेट वाढवून मागावा लागतो, दुसरी वाट नाही.

चौकटीचा हिशेब छोटा आहे. आजचा टीव्ही १६:९, म्हणजे उंचीच्या १.७८ पट रुंद. 'पॅरासाइट'सारखा रुंद सिनेमा २.३९. तो पूर्ण रुंदीनं दाखवला तर १०८० ओळींपैकी साधारण ८०३ ओळी भरतात आणि वर-खाली सुमारे १३८ ओळींच्या काळ्या पट्ट्या राहतात. पट्ट्या नकोत म्हणून चित्र फुगवलं तर रुंदीतला पाव हिस्सा जातो. दोन माणसं दोन टोकांना उभी करणाऱ्या दिग्दर्शकाच्या सिनेमात पाव हिस्सा म्हणजे एक अख्खं माणूस.

सबटायटल: खरी मेहनत इथे

परक्या भाषेतला सिनेमा टीव्हीवर उभा राहतो तो सबटायटलच्या जिवावर, आणि सगळ्यात कमी पैसे नि सगळ्यात कमी दिवस त्यांनाच मिळतात.

आधी वेळेचं बघू. २४ च्या प्रतीसाठी केलेली फाइल २५ च्या प्रतीवर चढवली तर पहिल्याच मिनिटाला ती २.४ सेकंद मागे पडते आणि सिनेमाच्या तासाभरानंतर २ मिनिटं २४ सेकंद. दुखणं ओळखायची खूण अशी: चूक हळूहळू वाढत गेली तर वेग चुकलाय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच राहिली तर सुरुवातीचा बिंदू चुकलाय. कोणाचा टाइमकोड (प्रत्येक चित्राला दिलेला वेळेचा आकडा) १०:००:००:०० पासून सुरू होतो, कोणाचा ०१:००:००:०० पासून, किंवा एका प्रतीच्या आधी वितरकाचं बोधचिन्ह आहे आणि दुसरीच्या आधी नाही. मध्येच एका जागी एकदम उडी मारली तर दोन प्रतींची कापाकापी वेगळी आहे. आणि तासाला बरोबर ३.६ सेकंद सरकत असेल तर ३० चित्रांच्या टाइमकोडच्या दोन प्रकारांची गल्लत झालीय. हे चार ठोकताळे माहीत असले तर दिवसभराचं काम दहा मिनिटांत आटपतं.

मग वाचण्याचा वेग. एका वेळी दोन ओळी, एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, किमान एक सेकंद, कमाल सहा-सात सेकंद, आणि दृश्य बदलताना शक्यतो ओळही बदललेली. देवनागरीत इथे एक गंमत होते. सॉफ्टवेअर संगणकी चिन्हं मोजतं, आपण अक्षरं वाचतो. 'स्त्री' हे वाचताना एक अक्षर, पण यंत्राच्या हिशेबी स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून सहा चिन्हं. रोमन लिपीसाठी घातलेली मर्यादा तशीच ठेवली तर चांगली मावणारी ओळ यंत्र नाकारतं आणि अनुवादक विनाकारण वाक्य छाटत बसतो. ओळींमधलं अंतरही वाढवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. टीव्हीच्या सबटायटलसाठी युरोपात वर्षानुवर्षं वापरात असलेल्या जुन्या फाइल-प्रकारात देवनागरीला जागाच नाही. त्यामुळे अक्षरं चित्ररूपात पाठवावी लागतात. तसं करताना जोडाक्षरं फुटली नाहीत ना, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या योग्य बाजूला आहे ना, हे प्रत्यक्ष पडद्यावर बघायचं. संगणकावर ठीक दिसतं म्हणून पडद्यावर ठीक दिसेल असं नाही.

आता भाषा. कोरियन, थाई किंवा फारसीतून थेट अनुवाद करणारं माणूस मिळणं अवघड, म्हणून बहुतेक अनुवाद इंग्रजी सबटायटलवरून होतो. नुकसान किती होतं ते एका वाक्यात दिसतं. कोरियन माणूस ओळखीच्याला 'बाप मॉगॉस्सॉ?' असं विचारतो. (इथला 'बाप' म्हणजे भात, गैरसमज नसावा.) अर्थ अगदी सरळ: 'जेवलास का?' विचारपूस, माया, ख्यालीखुशाली सगळं त्यात आलं. इंग्रजी अनुवादक त्याचं 'कसा आहेस' करतो, कारण इंग्रजीत असं कोणी विचारत नाही. त्यावरून मराठी करणारा प्रामाणिकपणे 'कसा आहेस?' लिहितो. जे वाक्य मराठीत जसंच्या तसं बसलं असतं, ते वळसा घालून येताना हरवलं.

तेच मानाचं. कोरियन आणि जपानीत क्रियापदावरूनच कळतं की बोलणारा समोरच्याला वर धरतोय की खाली. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. त्यामुळे इंग्रजीवरून काम करताना तू, तुम्ही की आपण हे कळायला कागदावर काही आधारच नसतो. उपाय आहे. अनुवाद सुरू करण्याआधी पात्रांचा तक्ता करायचा: कोण कोणाला काय म्हणतं, आणि कुठल्या दृश्यापासून ते बदलतं. मूळ भाषा जाणणाऱ्या माणसाचे तीन-चार तास एवढ्यासाठीच घेतले तरी पुरतात. 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरणं हा कित्येकदा सिनेमातला सगळ्यात हिंसक क्षण असतो, तो सबटायटलमध्ये दिसलाच पाहिजे.

दुसऱ्या टोकाला शब्दशः चिकटणंही बरं नाही. 'पॅरासाइट'चे इंग्रजी सबटायटल करणाऱ्या डार्सी पॅकेट यांनी 'जापागुरी' या दोन प्रकारच्या इन्स्टंट नूडल्स एकत्र करून केलेल्या खाण्यासाठी रामयन आणि उदोन ही नूडल्सची दोन नावं जोडून 'रामदोन' असा नवा शब्द पाडला, आणि एका विनोदात सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या जागी ऑक्सफर्ड घातलं. प्रेक्षकाला हसायला दोन सेकंदच असतात, तिथे तळटीप देता येत नाही. मराठीत मात्र त्या इंग्रजी युक्तीचा अनुवाद करू नये. मूळ वाक्याकडे परत जाऊन आपली युक्ती शोधावी.

एकाच सिनेमात अनेक भाषा असतील तर आणखी पंचाईत. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' मराठी माणूस बघतो तेव्हा सरकारी वकील बाई घरी मराठी बोलतात, बचावाच्या वकिलाच्या घरी गुजराती चालते आणि न्यायालयात मराठी, हिंदी, इंग्रजीची सरमिसळ, हे त्याला न सांगता कळतं. वर्ग, जात, शिक्षण सगळं त्या भाषाबदलात आहे. परक्या प्रेक्षकाला तळाशी एकसारख्या पांढऱ्या ओळी दिसतात. होउ शाओ-श्येन यांच्या 'अ सिटी ऑफ सॅडनेस'मध्ये (१९८९) तैवानी, जपानी, मँडरिन अशा भाषांची अशीच ये-जा आहे, तिथे तो परका प्रेक्षक आपण. 'ड्राइव्ह माय कार' या जपानी सिनेमात तर रंगमंचावर जपानी, मँडरिन आणि कोरियन खुणांची भाषा एकत्र येतात. सगळ्यात स्वस्त आणि चालणारा उपाय म्हणजे मुख्य भाषा सरळ टायपात आणि दुसरी तिरप्या टायपात. रंग वापरू नयेत, ते बहिऱ्या प्रेक्षकांच्या सबटायटलमध्ये बोलणारा ओळखण्यासाठी राखीव असतात.

नावांचं एक कोष्टक करून ठेवावं. कोरियन आणि चिनी नावांत आडनाव आधी येतं. जपानी नावं कधी आडनाव आधी तर कधी नंतर अशी दोन्ही प्रकारे छापली जातात, आणि मग कार्यक्रम-पत्रिकेत एकच दिग्दर्शक दोन माणसं होऊन बसतो. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिते, तर त्याचा फायदा घ्यावा. 'पार्क' या कोरियन आडनावात मुळात 'र' नाहीच. इंग्रजी स्पेलिंगमधून तो आपल्याकडे घुसलाय. आता रूढ झालाय म्हणून चालवून घेतो, एवढंच.

क्रम आणि घड्याळ

पहिल्या आठवड्यात सगळ्यात महान सिनेमा लावायचा मोह होतो. लावू नये. पहिला असा हवा की ज्यानं कधी सबटायटल वाचले नाहीत तोही टिकेल: कथा वेगवान, लांबी दोन तासांच्या आत, पात्रं ओळखायला सोपी. सगळ्यात संथ सिनेमा चौथ्या-पाचव्या आठवड्यात. तोवर प्रेक्षकाचा डोळा ओळ वाचून चित्राकडे परत जायला सरावलेला असतो. एकाच देशाचे दोन सिनेमे पाठोपाठ नकोत, आणि दोन दुःखान्त सिनेमे तर मुळीच नकोत.

मग घड्याळ. 'ड्राइव्ह माय कार' १७९ मिनिटांचा, २५ च्या वेगावर १७२. तासाला १२ मिनिटं जाहिराती धरल्या तर तो ३ तास ३५ मिनिटं खातो. रात्री साडेदहाला सुरू झाला तर दोन वाजून पाच मिनिटांनी संपणार. म्हणून तो शनिवारी नऊला लावायचा किंवा जाहिरातींशिवाय लावायचा. फिलिपिन्सच्या लाव्ह दियास यांचे आठ-आठ तासांचे सिनेमे यादीतून का गळतात ते यावरून कळावं.

जाहिरात कुठे घालायची हे सिनेमा बघूनच ठरवावं लागतं. युरोपीय संघात सिनेमा दर किमान तीस मिनिटांच्या टप्प्यात एकदाच थांबवता येतो. नियम घड्याळाचा आहे, जागा मात्र माणसानं शोधायची. सहा-सहा मिनिटांचा एकच शॉट असलेल्या सिनेमात यंत्र बरोबर शॉटच्या मध्ये कापतं. शिवाय सुरुवातीची नामावली संपली की पहिली जाहिरात, अशी ज्यांची सवय आहे त्यांना 'ड्राइव्ह माय कार' फसवतो. त्याची नामावली साधारण चाळिसाव्या मिनिटाला येते.

प्रक्षेपणाच्या खोलीत

इथली यंत्रं संथ सिनेमासाठी बनवलेली नाहीत. आवाज काही सेकंद गेला की 'सायलेन्स'ची धोक्याची घंटा वाजते. चित्र हललं नाही की 'फ्रीझ'ची. त्साई मिंग-लियांग यांच्या 'स्ट्रे डॉग्ज'मध्ये (२०१३) शेवटाकडे दोन माणसं एका भिंतीकडे बघत उभी आहेत, दहा मिनिटांहून जास्त वेळ, एकच शॉट. रात्रपाळीच्या माणसाला हे आधी सांगितलेलं नसेल तर तो सिग्नल तुटला समजून पर्यायी चित्रफीत सुरू करतो. सिनेमाच्या फाइलसोबत एक कागद द्यावा: कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत शांतता किंवा स्थिर चित्र आहे, आणि ते मुद्दाम आहे.

आवाजाची सरासरी पातळी युरोपात उणे २३ लफ्स (LUFS, आवाजाचा मोठेपणा मोजण्याचं एकक) ठेवावी लागते. थिएटरसाठी मिसळलेल्या सिनेमात कुजबुज आणि स्फोट यांच्यात प्रचंड अंतर असतं. सरासरी गाठायला लहान-मोठे आवाज सरळ एका पातळीला दाबले तर कुजबुज वर येते आणि पाऊस, किडे, पंखा हेही संवादाइतके मोठे होतात. आग्नेय आशियाई सिनेमात तर रातकिडे हे जवळपास पात्रच असतं, तिथे हे फार खटकतं. संपूर्ण सिनेमाची पातळी एकसारखी खाली-वर करणं बरं, आतले चढउतार तसेच ठेवून.

लुकलुकणाऱ्या चित्रांची चाचणी टाळू नये. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्यानं लुकलुकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हापासून नियम कडक झाले. ढोबळमानानं सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको. क्लबमधली नाच-दृश्यं आणि ॲक्शन सिनेमे इथे अडकतात. मग तेवढ्या सेकंदांचा उजेड कमी करतात. हा बदल करायलाही हक्क देणाऱ्याची परवानगी लागते, आणि ती शुक्रवारी संध्याकाळी मागून मिळत नाही.

घरी बघताना

एवढं सगळं पार पडून आलेला सिनेमा शेवटी घरच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये मरतो. चित्र 'गुळगुळीत' करणारी सोय बंद करा. ती दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसवते आणि सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा दिसायला लागतो. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' ठेवा. 'झूम' बंद ठेवा, नाहीतर कडा जातात आणि कधीकधी सबटायटलची खालची ओळही. दुकानात ठेवलेला भडक मोड अंधाऱ्या दृश्यांत दाणे आणि ठोकळे दोन्ही उघडे पाडतो. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवण्याआधी टीव्हीचा आवाज 'सराउंड'वर आहे का ते बघा. दोनच स्पीकर असतील तर तो 'स्टीरिओ'वर आणा, मधल्या स्पीकरसाठी असलेला संवाद परत येतो.

आणि रेकॉर्ड करून बघणार असाल तर शेवटी पंधरा-वीस मिनिटं जास्तीची लावा. आधीचा कार्यक्रम लांबला की सीझन मागे सरकतो, आणि या सिनेमांचे शेवट बहुतेक वेळा शेवटच्या तीन मिनिटांतच असतात.